जुन्या रेल्वे छायाचित्रांतील ठिकाण आणि रुळांची मांडणी कशी ओळखावी: मिरज ते लोंढा पट्ट्यासाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, चिकोडी, रायबाग या भागांतील अनेक मराठी घरांत रेल्वे स्थानकावर काढलेली जुनी छायाचित्रे आढळतात. कुठे लग्नाचे वऱ्हाड फलाटावर उभे असते, कुठे बदली झालेल्या स्टेशन मास्तरांचा निरोप समारंभ असतो, तर कुठे पुरात अडकलेली गाडी पाहायला जमलेली गर्दी असते. घरातील जाणती माणसे गेल्यावर ते छायाचित्र नेमके कुठले, हे सांगणारे कोणी उरत नाही आणि मग सगळ्याच छायाचित्रांवर ‘बेळगाव स्टेशन’ असे लिहिण्याची सवय लागते. ही पद्धत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. तिचे मुख्य सूत्र असे की, छायाचित्रातील हलणाऱ्या वस्तू, म्हणजे इंजीन, डबे, वाघिणी आणि माणसांचे कपडे, या काळ सांगतात. न हलणाऱ्या वस्तू, म्हणजे रूळ, सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी), सिग्नल, पूल, इमारती आणि डोंगर, या जागा सांगतात. या दोहोंची गल्लत झाली की बहुतेक ओळख चुकते.

पहिली पायरी: छायाचित्राची नोंद, दोन्ही बाजूंनी

छायाचित्र किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करावे आणि मागची बाजूही तितक्याच काळजीने स्कॅन करावी. मागे स्टुडिओचा शिक्का, पोस्टकार्डाची रेघ किंवा हाताने लिहिलेला मजकूर असू शकतो. आपल्या भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खासगी लिखाणात मोडी सर्रास वापरली जात असे, त्यामुळे न वाचता येणारी वळणदार ओळ दिसल्यास तिला निरर्थक न समजता मोडी वाचणाऱ्या व्यक्तीला दाखवावे. तारीख शकात असल्यास सरसकट ७८ मिळवू नयेत. चैत्रापासून साधारण पौषाच्या मध्यापर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात; ‘शके १८५२, माघ’ म्हणजे १९३० नव्हे, तर १९३१.

मजकुरातील गावाच्या नावाकडे मात्र सावधपणे पाहावे. लोक गाडीत जिथून बसले किंवा जिथे उतरले त्या गावाचे नाव लिहितात, छायाचित्र मधल्याच एखाद्या स्थानकावर काढलेले असते. निपाणी, संकेश्वर, अथणी, सौंदत्ती ही गावे या रेल्वेमार्गावर नव्हतीच. ‘निपाणीचे स्टेशन’ असे कोणी लिहिले असल्यास ते निपाणीकरांच्या वापरातील दुसरे स्थानक असणार. ‘चिकोडी रोड’ आणि ‘गोकाक रोड’ या नावांतील ‘रोड’ हा शब्द गाव रुळापासून दूर असल्याचे सांगतो. त्यामुळे छायाचित्रात फलाटाला लागूनच भरगच्च बाजारपेठ दिसत असेल, तर मागे ‘चिकोडी’ लिहिलेले असूनही शंका घ्यावी.

दुसरी पायरी: गेज ठरवणे

गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. मिरज ते लोंढा आणि तिथून पुढे धारवाड, हुबळी व कॅसलरॉककडे जाणारे मार्ग सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मीटरगेजवर, म्हणजे १००० मिमी अंतराने, बांधले आणि ते १९९० च्या दशकात ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिमी, झाले. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ब्रॉडगेज झाला होता. कुर्डुवाडीकडून आलेली बार्शी लाइट रेल्वे कंपनीची ७६२ मिमीची नॅरोगेज १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली होती. परिणामी मिरजेत काही वर्षे तिन्ही गेज एकत्र नांदत होते, आणि एकाच छायाचित्रात दोन वेगळ्या रुंदीचे रूळ दिसले तर या पट्ट्यात सर्वप्रथम मिरजेचा विचार करावा.

डोळ्यांनी गेज ओळखताना फसगत होते, म्हणून दोन खुणा वापराव्यात. पहिली खूण डब्यांच्या टोकाची: मीटरगेजच्या डब्याला व वाघिणीला मध्यभागी एकच बफर (धक्का झेलणारा दांडा) असतो आणि जोडणीचा आकडा त्यालाच असतो, जुन्या ब्रॉडगेज डब्यांना दोन बाजूंना दोन गोल बफर आणि मध्ये साखळीसारखी जोडणी असते. अंधूक छायाचित्रातही ही खूण टिकते, म्हणून मी तिला सर्वांत विश्वसनीय मानतो. दुसरी खूण स्लीपरची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांची: रुळांतील अंतराशी स्लीपरच्या लांबीचे प्रमाण काढावे. मीटरगेजचा लाकडी स्लीपर साधारण १.८ मीटर लांब असल्याने हे प्रमाण १.८ च्या आसपास येते, ब्रॉडगेजमध्ये २.७५ मीटरच्या स्लीपरमुळे ते १.६ च्या जवळ असते आणि नॅरोगेजमध्ये सुमारे २ येते. स्लीपर काँक्रीटचे असून त्यांची टोके मीटरगेज रुळांच्या बरीच बाहेर आलेली दिसत असतील, तर ते छायाचित्र गेजबदलाच्या तयारीच्या काळातील असण्याचा संभव मोठा असतो.

तिसरी पायरी: हलणाऱ्या वस्तूंवरून काळाच्या सीमा

इथे नेमके वर्ष शोधू नये. ‘यापूर्वीचे नाही’ आणि ‘यानंतरचे नाही’ अशा दोन सीमा आखाव्यात. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, त्यामुळे वाघिणीवर ‘एम.एस.एम.’ ही अक्षरे असल्यास छायाचित्र १९०८ नंतरचे असते. १४ एप्रिल १९५१ रोजी सदर्न रेल्वे आली, २ ऑक्टोबर १९६६ रोजी हुबळी विभाग नव्या साउथ सेंट्रल रेल्वेत गेला आणि २००३ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे सुरू झाली. मात्र जुनी अक्षरे रंगकाम होईपर्यंत वर्षानुवर्षे तशीच राहत आणि मालवाहू वाघिणी देशभर फिरत. म्हणून अक्षरे फक्त आधीची सीमा देतात, नंतरची नव्हे, आणि ती जागा तर मुळीच सांगत नाहीत.

इंजिनांपैकी वायपी आणि वायजी हे वाफेचे प्रकार स्वातंत्र्यानंतर, १९४९ पासूनच्या काळात, भारतात आले; वायडीएम-४ हे मीटरगेजचे डिझेल इंजीन १९६० च्या दशकात आले. इंजिनाच्या क्रमांकाची पाटी भिंगाखाली वाचता आली तर प्रकाराचे नाव बहुधा तिथेच मिळते. स्थानकाच्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत असेल, तर दशमान मापे रूढ होण्यापूर्वीचा काळ संभवतो. फलकावर ‘बेळगावी’ हे रूप असेल, तर छायाचित्र १ नोव्हेंबर २०१४ च्या अधिकृत नामांतरानंतरचे असणार. देवनागरी अक्षरांवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण मराठी आणि हिंदी दोन्ही त्याच लिपीत लिहिल्या जातात आणि एका शब्दाच्या फलकावर भाषा ठरवता येत नाही.

चौथी पायरी: सिग्नलवरून दिशा, आणि छाप उलटी आहे का याची खात्री

सिग्नलचा हात ही जुन्या छायाचित्रातील सर्वांत बोलकी वस्तू आहे आणि नवशिके तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. थांब्याच्या सिग्नलचा हात येणाऱ्या चालकाच्या बाजूने लाल आणि त्यावर पांढरा पट्टा असा, तर मागच्या बाजूने पांढरा आणि त्यावर काळा पट्टा असा रंगवलेला असतो. कृष्णधवल छायाचित्रात गडद हातावर फिका पट्टा दिसला तर आपण सिग्नलच्या तोंडाकडून पाहत आहोत, फिक्या हातावर गडद पट्टा दिसला तर पाठीकडून. जुन्या काळातील अनेक काचेच्या प्लेटा लाल रंगाला असंवेदनशील असत, त्यामुळे लाल हात जवळजवळ काळाच दिसतो. ते जळलेले लाकूड समजू नये. हाताचे टोक सरळ कापलेले असेल तर तो थांब्याचा सिग्नल, माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले असेल तर पुढच्या सिग्नलची पूर्वसूचना देणारा.

आता दिशा. स्थानकात येणाऱ्या गाडीला थांबवणारा होम सिग्नल बाहेरून आत पाहताना तोंड दाखवतो, आणि सुटणाऱ्या गाडीला थांबवणारा स्टार्टर आतून बाहेर पाहताना तोंड दाखवतो. फलाटावर उभे राहून बाहेरच्या दिशेने काढलेल्या छायाचित्रात त्यामुळे जवळच्या स्टार्टरचे तोंड आणि दूरच्या होम सिग्नलची पाठ एकाच वेळी दिसू शकते. हे जुळले की छायाचित्रकार यार्डात (स्थानकाच्या रुळांच्या आवारात) नेमका कुठे उभा होता, हे पावलांच्या हिशेबात सांगता येते.

याच हातावरून छाप, म्हणजे कागदावर उतरवलेले छायाचित्र, उलटी आहे का, तेही कळते. भारतात सिग्नलचा हात चालकाच्या दृष्टीने खांबाच्या डावीकडे असतो. म्हणजे तोंडाकडून पाहताना तो खांबाच्या डाव्या बाजूला, पाठीकडून पाहताना उजव्या बाजूला दिसला पाहिजे. याच्या उलट दिसल्यास निगेटिव्ह पालथी ठेवून छाप काढलेली असावी. खात्रीसाठी माणसांच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर आहे का, ते पाहावे. ही तपासणी गेज ठरल्यावर लगेच केली तरी चालेल. ती झाल्याशिवाय रुळांचा नकाशा काढणे मात्र व्यर्थ आहे, कारण उलट्या छापेवरून काढलेली मांडणी कोणत्याही स्थानकाशी जुळत नाही आणि शोधणारा विनाकारण दुसऱ्याच गावाकडे भरकटतो.

पाचवी पायरी: रुळांची मांडणी कागदावर उतरवणे

छापेवर पातळ पारदर्शक कागद ठेवून किंवा संगणकावर वेगळा थर घेऊन प्रत्येक रूळ रेखाटावा. मार्ग न मोजता आधी सुटे रूळ मोजावेत, कारण दूरच्या कोनातून दोन मार्गांचे शेजारचे रूळ एकाच मार्गाचे वाटतात. डावीकडून उजवीकडे क्रमांक द्यावेत आणि मग सांधे शोधावेत. जिथे रुळाची निमुळती जीभ दुसऱ्या रुळाला टेकते तो सांध्याचा आरंभ आणि जिथे दोन रूळ एकमेकांना ओलांडतात तिथे क्रॉसिंग. जीभ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्यावरून गाडी कुठून येऊन कुठे वळू शकते, हे समजते. सांध्याजवळ वजनाचा लिव्हर दिसला तर तो सांधेवाला हाताने फिरवत असे; रुळाच्या कडेने लहान चाकांवरून जाणारी लोखंडी सळई दिसली तर ती सांधा केबिनमधून (सिग्नल व सांधे चालवण्याच्या खोलीतून) चालवत असे आणि सळईचा माग धरून केबिन कुठे असावी, हेही सांगता येते.

या पट्ट्यातील लहान स्थानके एकेरी मार्गावरची होती, त्यामुळे त्यांची मांडणी बरीचशी सारखी असते: मधून मेन लाइन, समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावे म्हणून एक लूप (बाजूचा जोडमार्ग), आणि मालधक्क्याकडे जाऊन बफरशी संपणारी सायडिंग. हे तीन रूळ दिसले म्हणून स्थानक ओळखले गेले, असे होत नाही. ओळख पटते ती वेगळेपणावर. मालधक्का स्टेशनच्या इमारतीच्याच बाजूला आहे की समोर, सायडिंग कोणत्या टोकाकडून सुटते, यार्ड सरळ आहे की वळणावर, आणि रेल्वे गेट सांध्यांच्या आत पडते की बाहेर, हे चार प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत.

अंतर मोजण्यासाठी मीटरगेजचा एक मोठा फायदा आहे. कॅमेरा रुळांच्या दिशेने रोखलेला असेल, तर चित्रातील एकाच आडव्या रेषेवर दोन रुळांमधले अंतर मोजावे. ते प्रत्यक्षात एक मीटर असल्याने त्याच रेषेवरील बाकी सर्व अंतरे थेट मीटरमध्ये मिळतात. त्या रेषेवर रुळांतले अंतर ४० पिक्सेल आणि शेजारच्या मार्गाच्या मध्यापर्यंतचे अंतर १६० पिक्सेल असेल, तर दोन मार्गांच्या मध्यांत ४ मीटर अंतर आहे. रेषा थोडी पुढे-मागे झाली तरी प्रमाण बदलते, म्हणून दोन वेगवेगळ्या खोलीच्या रेषांचा आधार एकत्र घेऊ नये. तिरक्या कोनातून काढलेल्या छायाचित्रात हा उपाय चालत नाही.

सहावी पायरी: जमीन, पाणी आणि घरे

मिरजेहून लोंढ्याकडे येताना जमीन दोनदा बदलते. शेडबाळ, उगार खुर्द, कुडची, रायबागपर्यंत कृष्णेकाठची सपाट काळी माती, ऊस आणि बाभळी. घटप्रभा ते पाच्छापूर या भागात खडकाळ माळ आणि सपाट माथ्याच्या टेकड्या. आणि देसूर, इदलहोंड ओलांडून खानापूर, गुंजी, लोंढ्याकडे जाताना लाल माती, जांभा दगड, दाट झाडी व मंगलोरी कौलांची छपरे. फलाटाची कड जांभ्याच्या चिऱ्यांची असेल, तर शेडबाळच्या बाजूला शोध घेण्यात अर्थ नाही. उगारजवळ साखर कारखान्याचे धुराडे आणि खानापूर परिसरात कौलांच्या भट्ट्यांची धुराडी, हे दोन्ही भाग एकमेकांत मिसळू नयेत. लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग दिसल्यास लोंढा, अळणावर आणि अळणावरहून दांडेलीला जाणारी शाखा यांचा विचार करावा.

पुलांची छायाचित्रे त्या मानाने सोपी असतात. कुडचीजवळ कृष्णा, घटप्रभेजवळ तिच्याच नावाची नदी आणि खानापूरजवळ मलप्रभा असे तीन मोठे पूल या मार्गावर येतात. गाळ्यांची संख्या, गर्डर रुळांच्या खाली आहेत की रुळांच्या दोन्ही बाजूंनी वर उठलेले, आणि खांब दगडी आहेत की काँक्रीटचे, हे नोंदवून आजच्या उपग्रह चित्राशी ताडावे. लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुहेरीकरणाचे लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. त्या कामात नवे पूल जुन्यांच्या शेजारी उभे राहिल्याने आज दोन पूल दिसतात, तिथे जुन्या चित्रात एकच असणार.

बेळगाव शहरातील छायाचित्रांसाठी वेगळी चौकट लागते. सांबऱ्याच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून, आलेला मार्ग शहरात दक्षिणेकडे वळून देसूरला जातो आणि टिळकवाडीत काँग्रेस रोडच्या कडेने पहिले, दुसरे व तिसरे रेल्वे गेट ओलांडतो. गेटची छायाचित्रे पुष्कळ मिळतात, पण कोणते गेट हे ठरवताना रस्ता रुळाला काटकोनात ओलांडतो की तिरका, आणि समांतर रस्ता चित्राच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहावे. दुकानांच्या पाट्यांवर विसंबून राहू नये, कारण दुकाने जागा बदलतात. कपिलेश्वर मंदिराजवळचा उड्डाणपूल चित्रात असेल, तर ते छायाचित्र अलीकडचे आहे. स्थानकाची सध्याची नवी इमारतही २०२३ ची आहे, त्यामुळे आज जाऊन जुन्या इमारतीशी तुलना करता येत नाही. इमारतीऐवजी मार्गाचे वळण आणि भोवतालच्या मोठ्या रस्त्यांची दिशा हेच आधार उरतात.

सावल्यांचाही उपयोग होतो. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर असल्याने भर दुपारची सावली वर्षातील बहुतेक काळ उत्तरेकडे पडते. साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मात्र ती दक्षिणेकडे पडते. सावली अगदी आखूड असेल तेव्हा तिच्यावरून रुळांची दिशा अंदाजाने काढता येते. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्यांवर, वेळ माहीत नसताना, निष्कर्ष उभा करू नये.

सातवी पायरी: नकाशांशी मेळ

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वर्गवारीत बेळगाव, खानापूर, लोंढा आणि कॅसलरॉक हे ४८ आय या पत्रकसमूहात येतात, तर चिकोडी रोड, रायबाग, कुडची आणि मिरज ४७ एल मध्ये. शक्य असल्यास एकाच भागाची दोन वेगवेगळ्या काळांतील पत्रके पाहावीत. अमेरिकी सैन्याच्या नकाशा सेवेने १९५० च्या दशकात काढलेली यू५०२ मालिका १:२,५०,००० प्रमाणावर आहे; तिच्यात मार्ग, नद्या आणि स्थानकांची नावे मिळतात, पण सायडिंग किंवा सांधे मिळत नाहीत. रुळांच्या मांडणीसाठी खरा आधार म्हणजे रेल्वेचे यार्ड प्लॅन आणि स्थानक कार्य नियमांसोबत जोडलेली आकृती. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरी अशी कागदपत्रे सापडतात, आणि ती मागताना आपण काढलेला आराखडा सोबत नेल्यास संवाद लवकर रुळावर येतो. बेळगाव जिल्ह्याचे मुंबई इलाख्याच्या काळातील गॅझेटियर १८८४ चे आहे, म्हणजे बेळगावात गाडी सुरू होण्याच्या आधीचे. स्थानकांसाठी ते उघडून वेळ घालवू नये, रस्ते व बाजारगावांसाठी मात्र ते उत्तम आहे.

एक नमुना सोडवून पाहू

समजा, छायाचित्राच्या मागे ‘बेळगांवहून गोव्यास जाताना, शके १८५२ माघ’ असे लिहिले आहे. पुढे मध्यभागी एकच बफर असलेली वाघीण, तिच्यावर ‘एम.एस.एम.’ अक्षरे, जांभ्याच्या कडेचा फलाट, ओंडक्यांचा ढीग आणि दूरवर दोन दिशांना फाकणारे रूळ दिसतात. एकच बफर मीटरगेज सांगतो, अक्षरे १९०८ नंतरचा काळ सांगतात आणि १९३१ ही तारीख त्याला विरोध करत नाही. जांभा आणि ओंडके यांमुळे देसूरच्या उत्तरेकडील स्थानके गळतात. गोव्याच्या वाटेवर मुख्यतः उरतात ती खानापूर, गुंजी, लोंढा आणि कॅसलरॉक; अळणावर ओंडक्यांमुळे डोळ्यांसमोर आले तरी ते लोंढ्याहून धारवाडच्या बाजूला असल्याने या प्रवासात येत नाही. दूरवर फाकणारे रूळ जंक्शनकडे बोट दाखवतात, पण तो केवळ लांब लूप किंवा सायडिंगही असू शकतो, म्हणून त्या दोन मार्गांपैकी एखादा पुढे बफरशी संपतो का, ते भिंगाने तपासावे. दोन्ही मार्ग चित्राच्या कडेपर्यंत चालूच राहिले आणि दोघांनाही स्वतंत्र होम सिग्नल असले, तर लोंढा हे उत्तर बळकट होते. चित्रात वायपी इंजीन असते तर मात्र मागची तारीख मोडीत निघाली असती, कारण तो प्रकार १९४९ पूर्वी इथे नव्हता. मग मजकूर दुसऱ्याच छायाचित्राच्या मागचा किंवा नंतर आठवणीने लिहिलेला ठरला असता.

आठवी पायरी: निष्कर्ष लिहून ठेवणे

प्रत्येक छायाचित्राच्या नोंदीत ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा, काळाच्या दोन सीमा आणि प्रत्येक विधानामागची खूण स्वतंत्रपणे लिहावी. ठिकाणापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’ यांपैकी एक शब्द असलाच पाहिजे. परस्परांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन स्थिर खुणा जुळल्याशिवाय ‘निश्चित’ लिहू नये. फलक आणि मागचा मजकूर या दोन खुणा दिसत असल्या तरी मजकूर फलक वाचूनच लिहिला गेला असेल, तर ती एकच खूण असते. मागचा मूळ मजकूर आपल्या निष्कर्षाशी न जुळल्यास तो खोडू नये आणि दुरुस्तही करू नये; तो जसाच्या तसा, मूळ शुद्धलेखनासह, वेगळ्या रकान्यात उतरवावा. रुळांचा आराखडा छायाचित्राच्याच क्रमांकाने जतन करावा आणि त्यावर उत्तर दिशेचा बाण फक्त दिशा सिद्ध झाली असेल तेव्हाच काढावा. मूळ छापेवर शाईने किंवा बॉलपेनने काहीही लिहू नये. क्रमांक टाकायचाच असेल, तर तो मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने आणि छाप सपाट कडक पृष्ठावर ठेवून टाकावा.